उस्मानाबादची चाचणी : न बोलल्या जाणाऱ्या एका आजाराचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे मोठे गाव आहे. समर्थ रामदासांचे जांब याच तालुक्यातले. दक्षिणेला गोदावरी वाहते आणि नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. काही दिवसांपूर्वी इथे शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत 'पेशी' या विषयावर बोलायला मी गेले होते. बोलणे झाले, प्रश्नोत्तरे झाली, मंडळी चहासाठी बाहेर गेली. तीन-चार शिक्षिका मात्र मागे रेंगाळल्या. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईंनी एकदा दाराकडे पाहिले आणि विचारले, "मॅडम, आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगावरून पांढरं जातं. दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. चौतीस वर्षांची आहे हो. खरंच होतो का?"

तासभर मी पेशींवर बोलले होते. पेशींचे विभाजन बेबंद झाले की कर्करोग होतो, हेही सांगितले होते. पण हा प्रश्न सभेत कुणी विचारला नाही. तो विचारण्यासाठी पुरुष बाहेर जावे लागले.

पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे मी त्यांना सांगितले. बहुतेक वेळा ते नैसर्गिक असते, नाहीतर साध्या जंतुसंसर्गामुळे असते आणि औषधाने बरे होते. कर्करोगाची शंका असेल तर त्यासाठी चाचणी आहे. केवळ शंकेवरून पिशवी काढण्याचे कारण नाही. आणि ही चाचणी जीव वाचवते याचा जगातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक मराठवाड्यातच, बीडच्या पलीकडच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) मिळाला आहे, असेही मी म्हणाले. हे मात्र त्यांच्यापैकी कुणीच ऐकलेले नव्हते. जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत गेलेली गोष्ट एका जिल्ह्यापलीकडच्या शिक्षकांपर्यंत का आली नाही? हा लेख त्या बाईंच्या प्रश्नाचे आणि माझ्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आजार कसा होतो?

गर्भाशयाचा आकार साधारण उलट्या पेरूसारखा असतो. त्याचा खालचा निमुळता भाग योनीमार्गात उघडतो. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. इथे दोन प्रकारच्या पेशींचे थर एकमेकांना भेटतात. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे अनेक थर आणि आतल्या बाजूला उंच पेशींचा एकच थर. वयात येताना आणि नंतरही या सीमेवरच्या पेशी बदलत राहतात. हीच जागा विषाणूला सोयीची पडते.

हा विषाणू म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. बहुतेक निरुपद्रवी असतात, काहींमुळे चामखीळ येते आणि डझनभर प्रकार कर्करोगाला कारण ठरू शकतात. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार सर्वांत घातक. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींत हे दोन प्रकार दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या पेशींत विभाजनाला लगाम घालणारी काही प्रथिने असतात. या विषाणूची दोन प्रथिने नेमके हे लगाम निकामी करतात. तरीही संसर्ग झाला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच दोनेक वर्षांत परतवून लावते. थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो, पेशी हळूहळू बदलू लागतात आणि कर्करोग व्हायला साधारण १० ते २० वर्षे लागतात.

या दोन आकड्यांमध्येच सगळी आशा आहे. इतकी वर्षे हा बदल वरवरच्या थरात असतो आणि तो सापडला तर थोड्या वेळाच्या उपचाराने काढून टाकता येतो. अडचण एवढीच की या काळात काहीही दुखत नाही. म्हणजे धडधाकट, कामात बुडालेल्या बाईला 'तपासून घे' म्हणायचे. तेही शरीराच्या अशा भागाची तपासणी, ज्याचे नावही घरात घेतले जात नाही.

पाहण्याची साधने

गर्भाशयमुख डोळ्यांना दिसावे यासाठी स्पेक्युलम नावाचे उपकरण वापरतात. त्याच्या एका प्रकाराला आजही सिम्सचे नाव आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून आपले तंत्र बसवले. त्या भूल न देता केल्या होत्या. त्यांतल्या तिघींची नावे इतिहासात राहिली आहेत : अनार्का, बेट्सी आणि लूसी. 'नाही' म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता. या उपकरणाने पुढे असंख्य स्त्रियांचे प्राण वाचले हे खरे, आणि त्याची सुरुवात अशी झाली हेही खरे. विज्ञान शिकवताना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात असे मला वाटते.

१९२५ मध्ये जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी गर्भाशयमुख मोठे करून पाहण्यासाठी कोल्पोस्कोप बनवला. त्यांनी आणखी एक सोपी युक्ती रूढ केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावायचे. दुधात लिंबू पिळले की प्रथिने साकळतात, तसेच काहीसे इथे घडते. बदललेल्या पेशींची केंद्रके मोठी असतात, त्यांत प्रथिने जास्त असतात; आम्लामुळे ती तात्पुरती साकळतात आणि मिनिटाभरात तिथे पांढरा डाग उमटतो. व्हिनेगार म्हणजे हेच आम्ल, साधारण तेवढ्याच तीव्रतेचे.

अमेरिकेत स्थायिक झालेले ग्रीक शास्त्रज्ञ जॉर्ज पापानिकोलाउ यांनी दुसरा मार्ग काढला. गर्भाशयमुखाजवळच्या पेशी काचपट्टीवर पसरवून त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. वर्षानुवर्षे त्यांनी पत्नी मेरी यांच्या पेशींचे नमुने अभ्यासले. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. हीच 'पॅप' तपासणी. जिथे ती पद्धतशीर राबवली गेली, त्या श्रीमंत देशांत या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने घटले.

पण या तपासणीमागे प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारे तज्ज्ञ लागतात आणि दर काही वर्षांनी त्याच बाईला पुन्हा बोलावणारी व्यवस्था लागते. आपल्या खेड्यांत यातले काहीच नव्हते. आणि हे सगळे असते तरी बाई आली असती का?

दारापाशी अडलेले विज्ञान

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. अमेरिकेला जाण्याआधी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला आनंदीबाई जोशी यांनी भाषण केले. हिंदुस्थानात हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांचे स्वतःचे बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये वारल्या.

त्यानंतर शंभर वर्षांनी काय स्थिती होती? डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. आणि त्यापूर्वी कधी तरी या भागाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

या दोन आकड्यांमधली दरी केवळ दवाखाने नसल्यामुळे पडलेली नाही. 'विटाळ', 'बाहेरची', 'कावळा शिवला' या शब्दांत वाढलेली मुलगी आपल्या शरीराच्या या भागाकडे दुखणे म्हणून पाहायला शिकतच नाही. तिला ते नशीब वाटते, नाहीतर स्वतःची चूक. मी जीवशास्त्रात डॉक्टरेट केली, प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. तरी ही तपासणी मी पहिल्यांदा करून घेतली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याआधी दर वर्षी मला काही ना काही काम असे. माहिती नव्हती असे मला म्हणता येणार नाही.

बार्शीची सुरुवात

आता उस्मानाबादच्या सीमेवरच्या बार्शीला येऊ. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे. इथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने मिळून १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातली महत्त्वाची नावे.

शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून नोंदणी करता येते. खेड्यात रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नाही, तर कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना भेटत, कोणती लक्षणे दिसली तर दाखवायला यावे हे समजावून सांगत. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, संबंधांनंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, अशी ती लक्षणे.

काही वर्षांतच एक गोष्ट आकड्यांत दिसू लागली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. १९९५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथे कुठलीही सामूहिक तपासणी झाली नव्हती, नवे यंत्र आले नव्हते. कुणीतरी दारात येऊन, न लाजता, नीट सांगितले होते एवढेच. पुढे जे घडले त्याचा पाया हा होता.

१,३१,७४६ स्त्रिया

पॅप तपासणी खेड्यात जमणे कठीण. व्हिनेगारची तपासणी स्वस्त, प्रशिक्षित परिचारिकाही ती करू शकते आणि निकाल तिथल्या तिथे मिळतो. तोपर्यंत तिसरी पद्धतही तयार झाली होती. गर्भाशयमुखावरून ब्रशने नमुना घ्यायचा आणि त्यात घातक एचपीव्हीचा डीएनए आहे का ते प्रयोगशाळेत पाहायचे. विषाणूच्या डीएनएला नेमके चिकटतील असे आरएनएचे तुकडे त्यात मिसळतात. जोडी जमली की प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रकाश निर्माण होतो आणि यंत्र तो मोजते. माणसाच्या नजरेवर अवलंबून राहावे लागत नाही.

या तिन्हींपैकी कोणत्या पद्धतीने प्रत्यक्ष मृत्यू कमी होतात? हे कळायचे तर मोठ्या लोकसंख्येत तुलना करायला हवी. फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी हा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यात केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीनुसार गावांचे ५२ गट पाडले. कोणत्या गटाला कोणती तपासणी, हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरले. ऑक्टोबर १९९९ पासून नोव्हेंबर २००३ पर्यंत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया अभ्यासात घेतल्या गेल्या. तीन गटांना एकेक तपासणी मिळाली. चौथ्याला त्या भागात एरवी मिळते तेवढीच आरोग्यसेवा आणि माहिती.

बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के तपासणीला आल्या. माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत थक्क करणारा आकडा हाच. या बहुतेक स्त्रिया शाळेची पायरीही न चढलेल्या, शेतात राबणाऱ्या. 'आपल्या बाया येणार नाहीत' हे आपण किती सहज म्हणतो! विश्वासाचे माणूस घरी येऊन सांगते, तपासणी स्त्री करते, ती गावाजवळ होते आणि दोष सापडला तर उपचारही मिळतो, एवढे जमले की बाया येतात.

निकाल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले दोन गट पाहू.

एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. कर्करोग १२७ जणींत सापडला, त्यांपैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याचा ३९ जणींत, मृत्यू ३४.

तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. कर्करोग ११८ जणींत, पुढच्या टप्प्याचा ८२ जणींत, मृत्यू ६४.

हे आकडे नववी-दहावीच्या मुलांना जरूर द्यावेत. दर दहा हजारी मृत्यू काढायला सांगावेत. पहिल्या गटात सुमारे १०, दुसऱ्यात सुमारे २० येतील. मग विचारावे, कर्करोग तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच सापडले, मग मृत्यू निम्मे कसे? उत्तर तिसऱ्या आकड्यात आहे. चाचणीने रोग लवकर सापडला, आणि लवकर सापडलेला रोग बरा करता येतो.

आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने हे घडले. पॅप आणि व्हिनेगार या तपासण्यांनी मात्र या अभ्यासात मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. त्यावरून व्हिनेगारची तपासणी निरुपयोगी ठरत नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात एकदा केलेल्या अशा तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी, तर मुंबईच्या वस्त्यांत ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केल्यावर ३१ टक्क्यांनी घटले. नजरेच्या तपासणीत पाहणाऱ्याचे कौशल्य आणि सातत्य फार महत्त्वाचे असते, असा यातून अर्थ निघतो.

एक अवघड प्रश्न

दुसऱ्या गटातल्या ६४ स्त्रियांचे काय? पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला माहीत असताना तपासणीच नसलेला गट ठेवणे योग्य होते का? हा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की त्या भागात अशी तपासणी मुळातच होत नव्हती. कोणती पद्धत इथे चालेल हे कळल्याशिवाय सरकारने ती स्वीकारली नसती. टीकाकारांचे म्हणणे असे की गरिबांना सेवा मिळत नाही ही वस्तुस्थिती संशोधनाची सबब होऊ शकत नाही.

दोन्ही बाजू मुलांसमोर मांडाव्यात. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते. आणि पटत असूनही हे मान्य करावे लागते की आज जगभर जी चाचणी सुचवली जाते, तिच्यामागे या दोन्ही गटांतल्या स्त्रियांचे ऋण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही डीएनए चाचणी सुचवली. मग ऋण कसे फेडायचे? निदान त्यांच्या लेकीसुनांना तरी ती चाचणी मिळायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधी तरी ही तपासणी झालेल्या होत्या केवळ १.९ टक्के. २०२२ च्या अंदाजानुसार देशात दर वर्षी सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने दगावतात.

नवी चाचणी, नवी लाज

डीएनए चाचणीचा एक फायदा असा की नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. ब्रश कसा वापरायचा हे समजावून दिले की आडोशाला जाऊन ती तो घेऊ शकते. स्पेक्युलम नको, टेबलावर झोपणे नको. पडद्याच्या अडचणीवर तंत्रज्ञानाने काढलेला हा चांगला मार्ग आहे.

पण याच चाचणीने दुसरी अडचण आणली. व्हिनेगारने फक्त डाग दिसे. डीएनए चाचणी 'विषाणू आहे' असे सांगते, आणि हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो. 'मग तो आला कुठून?' हा प्रश्न घरात उभा राहिला की संशयाचे बोट बाईकडेच जाते. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही. चाचणीचा निकाल चारित्र्याबद्दल काहीही सांगत नाही.

भीतीचा बाजार

ज्या जागी नीट सांगणारे कुणी नसते, तिथे काय होते हे गोदावरीच्या पलीकडे दिसले. बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दर हंगामात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला की 'खाड्या'चा दंड. फडात ना शौचालय, ना पुरेसे पाणी. पाळी म्हणजे कामात अडथळा आणि जंतुसंसर्ग तर नित्याचा. अशा बाईला पांढरे जाण्यावर औषध देण्याऐवजी कर्करोगाची भीती घालून पिशवी काढल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये उघड झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. पुढे त्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. शिवाय शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायला पुन्हा फडातच जावे लागते. उस्मानाबाद आणि बीड हे शेजारी जिल्हे. आजार एकच, भीती एकच. एका ठिकाणी त्या भीतीला चाचणीने उत्तर मिळाले, दुसऱ्या ठिकाणी तिचा धंदा झाला. कुंभार पिंपळगावच्या बाईंचा प्रश्न या दुसऱ्या वाटेवरून आला होता.

लस आणि शाळा

एचपीव्हीवरची लस २००६ मध्ये आली. २००९ मध्ये भारतात नऊ केंद्रांवर लसीच्या मात्रांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी आणि पुणेही होते. काही मुलींना तीन, काहींना दोन मात्रा द्यायच्या होत्या. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमध्ये लसीकरणाचा वेगळा प्रकल्प चालू होता. त्यातल्या काही मुलींच्या मृत्यूंमुळे वादळ उठले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. मात्र संमती घेण्यातले गंभीर दोष समोर आले. आंध्रात अनेक अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सर्वच अभ्यास थांबवले गेले.

त्यामुळे नऊ केंद्रांच्या अभ्यासातल्या सुमारे ५ हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही ९५ टक्के संरक्षण मिळते. ठरवून कुणी केला नसता असा हा प्रयोग होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यात या पुराव्याचा वाटा आहे. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस बाजारात आली.

लस द्यायचे वय ९ ते १४ वर्षे, म्हणजे चौथी ते नववीच्या मुली. सिक्कीमने २०१८ मध्ये मुख्यतः शाळांमधून ही मोहीम राबवली आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचली. तिथे आधी शिक्षक आणि पालकांशी बोलणे झाले होते. शिक्षकाने पालकाच्या जागी सही करणे आणि शिक्षकाने पालकाला समजावून सांगणे, यांत किती फरक आहे हे या दोन उदाहरणांवरून कळावे.

वर्गातला धडा

या दीडशेहून अधिक वर्षांकडे पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्पेक्युलम, काचपट्टी, व्हिनेगार, डीएनए, लस ही सगळी साधने बाईच्या दारापर्यंत आली. ती आत गेली, ती जिथे आधी कुणी बोलायला गेले तिथेच. बार्शीत तर नुसत्या बोलण्यानेही फरक पडला. म्हणून नीट, शास्त्रीय आणि न लाजता बोलणे हाही या तंत्राचाच एक भाग समजायला हवा.

हे बोलणे शिकवायची जागा आपल्याकडे तयारच आहे. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, आकृती आहे. 'हा धडा घरी वाचा' असे म्हणून पुढे जाणारे आपण अनेक जण आहोत. आणि तो शिकवताना मुलांना बाहेर पाठवू नये. उद्या बायकोला, आईला तपासणीला घेऊन जाणारा किंवा अडवणारा त्यांच्यातलाच कुणी असणार आहे.

त्या दिवशी कुंभार पिंपळगावात मी एका कागदावर गर्भाशयाची आकृती काढून मुखाची जागा दाखवली होती. शेजारच्या बाईला काय सांगायचे तेही खाली लिहून दिले : आधी जंतुसंसर्गाचे औषध, मग सरकारी रुग्णालयात गर्भाशयमुखाची तपासणी, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग पुन्हा बाहेर काढला, उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "ही आकृती फळ्यावर काढायला जमेल मला." एवढ्यात चहा पिऊन मंडळी परत आली. त्यांनी कागद लपवला नाही.